वाकायामाची लांब शेपटीची माकडं: एका संकराचं प्रकरण

पार्श्वभूमी

जपानच्या होन्शू बेटावरून दक्षिणेकडे समुद्रात घुसलेला डोंगराळ भाग म्हणजे कीई द्वीपकल्प. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचा वाकायामा प्रांत संत्र्यांसाठी जपानभर ओळखला जातो. आतल्या डोंगरांत जपानी माकडांचे कळप पूर्वापार आहेत. बर्फात गरम पाण्याच्या कुंडात बसलेल्या लाल तोंडाच्या माकडांचे फोटो आपण पाहतो, तीच ही जात. फक्त वाकायामात बर्फ फारसा नसतो आणि माकडं फोटोपेक्षा बागांमध्ये जास्त दिसतात.

1950च्या दशकात या प्रांतातलं एक खासगी प्राणिसंग्रहालय बंद पडलं. तिथे तैवानी माकडं होती. ही तैवान बेटाचीच मूळ जात, दुसरीकडे कुठेही निसर्गतः आढळत नाही. संग्रहालय बंद पडताना ती सुटली की सोडली, याने पुढच्या गोष्टीत काही फरक पडत नाही. ती वाकायामा शहर आणि काईनान यांच्यामधल्या ओइके परिसरातल्या टेकड्यांमध्ये शिरली, तिथलं हवामान त्यांना मानवलं आणि त्यांचे कळप झाले.

पुढची चाळीसेक वर्षं त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या, पण त्या जपानी माकडांबद्दलही होत्याच. बांबूचे कोंब आणि संत्री कुणी खाल्ली, हे शेतकरी शेपटी मोजून सांगत नाही. खरं तर शेपटी हीच मोठी खूण होती. जपानी माकडाची शेपटी अर्ध्या वितीएवढी आखूड असते, तैवानी माकडाची जवळजवळ हातभर. तेवढं सोडलं तर दोघं सख्खे शेजारी वाटावेत इतके सारखे.

हे साम्य दिसण्यापुरतंच नव्हतं. जपानी, तैवानी आणि आपल्या उत्तर भारतातलं ऱ्हीसस ही तिन्ही मकाक कुळातली अगदी जवळची भावंडं. तिघांचीही गुणसूत्रं 42. जपानी माकडाचे पूर्वज साधारण चार-पाच लाख वर्षांपूर्वी आशियाच्या मुख्य भूमीवरून आले, नंतर समुद्र वाढला आणि ते बेटांवर अडकले. त्यांना तैवानी माकडांपासून वेगळं ठेवलं होतं ते पाण्याने, शरीररचनेने नव्हे. पाणी ओलांडायचं काम माणसाने करून दिल्यावर मधे काहीच उरलं नाही.

अडचण कशी उघड झाली

1990च्या दशकाच्या अखेरीस अशी माकडं सापडू लागली, की ज्यांची शेपटी ना आखूड ना लांब. पकडलेल्या माकडांच्या रक्तातल्या प्रथिनांची आणि डीएनएची तपासणी झाली आणि शंका खरी ठरली. दोन्ही जातींचा संकर झाला होता, आणि संकरित माकडं वांझ नव्हती.

इथे माकडांच्या घरगुती व्यवस्थेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिच्यावर फिरतं. मकाक माकडांमध्ये लेकी माहेरी राहतात. आई, मावश्या, आज्या यांच्या साखळीवर कळप उभा असतो. मुलगे मात्र वयात येताना कळप सोडतात. कधी एकटे, कधी दोघातिघांच्या टोळीने फिरतात, कधी डोंगररांगा ओलांडून दुसऱ्या कळपाच्या कडेला जाऊन बसतात आणि हळूहळू आत शिरतात. काही वर्षांनी तोही कळप सोडतात. जनुकं एका कळपातून दुसऱ्या कळपात जातात ती या भटक्या नरांच्या अंगावर बसून.

त्यामुळे माकडांच्या डीएनएत दोन वेगळे नकाशे सापडतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. माद्या जागच्या हलत नसल्याने तो त्या-त्या खोऱ्याचा पत्ता सांगतो, एका डोंगराचा एक प्रकार तर पलीकडच्या डोंगराचा दुसरा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून ते नरांच्या भटकंतीची खबर देतं. दोन्ही एकत्र वाचले की कुठली माकडं कुठे घुसली हे कळतं.

ओइकेच्या कळपांमधल्या माद्या मूळच्या तैवानी, म्हणून मातृवंशाची रेषा तैवानी. पण आजूबाजूच्या डोंगरांतले जपानी नर भटकत येऊन या कळपांत शिरले होते. पिल्लं झाली ती निम्मी-निम्मी. इथपर्यंतचं नुकसान ओइकेच्या टेकड्यांपुरतं होतं. खरी भीती पुढची होती. या निम्म्या-निम्म्या पिल्लांमधले नर मोठे होऊन कळप सोडणार होते, आणि त्यांना उलट दिशेने जपानी कळपांत शिरायला कुणी अडवणार नव्हतं. त्यांच्या पिल्लांत तैवानी हिस्सा पाव, नातवंडांत एक अष्टमांश. दोनतीन पिढ्यांत शेपटी पुन्हा आखूड दिसू लागते आणि जनुकं मात्र आत राहतात. मग संकर ओळखायला नजर पुरत नाही, प्रत्येक माकडाचं रक्त किंवा विष्ठा प्रयोगशाळेत न्यावी लागते. आणि कीई द्वीपकल्पातले कळप डोंगररांगांनी नारा आणि मिए प्रांतांतल्या कळपांशी जोडलेले आहेत.

पण यात बिघडलं काय?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. जनुकांचा प्रवाह ही निसर्गातली रोजची गोष्ट आहे. केनियातल्या अंबोसेली भागात पिवळे आणि ऑलिव्ह बबून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळत आले आहेत, आणि तिथे कुणी पिंजरे लावलेले नाहीत. थायलंड-व्हिएतनामच्या पट्ट्यात ऱ्हीसस आणि लांब शेपटीच्या मकाकांची सरमिसळ आहे. इतकंच काय, प्रवाह अडला तर तोटा होतो. फ्लोरिडातले पँथर आपापसांतल्या प्रजननाने इतके खंगले होते की 1995 मध्ये टेक्ससहून आठ माद्या आणून सोडाव्या लागल्या. त्यानंतर त्यांची पिल्लं धडधाकट निपजू लागली आणि संख्या वाढली.

मग वाकायामात वेगळं काय होतं? माझ्या मते तीन गोष्टी, आणि त्यांचं वजन सारखं नाही. टेक्ससच्या माद्या एकाच जातीच्या होत्या आणि शे-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथून फ्लोरिडाकडे येणं-जाणं चालू होतं. वाकायामात तुटलेला प्रवाह पुन्हा जोडला जात नव्हता, कधीच नसलेला प्रवाह सुरू होत होता. दुसरं, अंबोसेलीत दोन जातींच्या सीमा निसर्गाने आखलेल्या आहेत, आणि अलीकडच्या संशोधनात असंही दिसलं आहे की परक्या जनुकांपैकी बरीचशी तिथे पिढ्यांच्या ओघात छाटली जातात. वाकायामात तशी छाटणी होईल का, हे पाहायला काही शतकं थांबावं लागलं असतं. आणि तिसरं, ज्याला मी सर्वांत जास्त वजन देतो: जपानी माकड जगात दुसरीकडे कुठेच नाही. पूर्व जपानात तर मातृवंशाचं वैविध्य मुळातच कमी आहे, कारण हिमयुगानंतर थोड्याशा माकडांपासून तिकडची सगळी संख्या वाढली. एकदा सरमिसळ झाली की ती उलटी फिरवायचा मार्ग नाही.

तरीही एक गोष्ट कबूल करावी लागते. ‘शुद्ध जात’ वाचवण्याच्या भाषेत एक खटकणारा सूर आहे, आणि विरोध करणाऱ्यांनी तो नेमका पकडला होता. संकरित पिल्लाचा यात दोष काय, या प्रश्नाला जीवशास्त्राकडे उत्तर नाही.

कोणकोणते पर्याय होते

काहीच न करणं हा पहिला पर्याय. तो कागदावर कधीच लिहिला जात नाही, पण चाळीस वर्षं प्रत्यक्षात तोच राबवला गेला होता.

नसबंदीचा पर्याय प्राणिप्रेमी संघटनांना सर्वांत पटणारा होता. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात 2007 पासून ऱ्हीसस माकडांची नसबंदी मोठ्या प्रमाणावर चालू आहे, त्यामुळे हा मार्ग हास्यास्पद म्हणता येत नाही. पण हिमाचलचा हेतू संख्या आटोक्यात ठेवण्याचा आहे. जनुकांचा प्रवाह थांबवणं हे त्याहून कितीतरी कडक उद्दिष्ट. नरांची नसबंदी केली तर सुटलेला एकच नर पुरेसा होतो. माद्यांची करायची तर प्रत्येक मादी पकडावी लागते, म्हणजे अवघड भाग, पकडण्याचा, तो तसाच राहतो. वर माकडं वीसेक वर्षं जगतात, तेवढा काळ बागांची नासधूसही चालू राहणार.

तिसरा पर्याय पकडून आजन्म पाळण्याचा. काहीशे माकडं, वीस वर्षं, पक्की कुंपणं, पगारी माणसं. शिवाय हे सगळं प्रकरण एका बंद पडलेल्या प्राणिसंग्रहालयातूनच निघालं होतं, हे विसरून कसं चालेल? तैवानला परत पाठवा अशीही सूचना आली की येणारच, पण संकरित माकडं तैवानच्या जंगलात सोडणं म्हणजे तीच चूक दुसऱ्या बेटावर.

फक्त संकरित तेवढी काढायची आणि बाकीची ठेवायची, हा मधला मार्ग ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात तो सर्वांत निरुपयोगी, कारण शुद्ध तैवानी माद्या मागे राहिल्या तर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कुठलातरी जपानी नर येतो.

उरला तो संपूर्ण कळप काढून टाकण्याचा पर्याय, म्हणजे पकडून भूल देऊन मारणं. जपानमधल्या वानरशास्त्रज्ञांच्या संघटनेने याच बाजूने मत दिलं. यात विचित्र गोष्ट अशी की ही तीच माणसं, ज्यांनी एकेका माकडाला नाव देऊन, त्याची आई-आजी लक्षात ठेवून अभ्यास करण्याची पद्धत जगाला शिकवली.

काय केलं

विरोधामुळे योजना रेंगाळली. प्रांत प्रशासनाने तज्ज्ञांची समिती नेमली, हरकती ऐकल्या, आणि 2002 पासून पकडण्याचं काम सुरू झालं. रेंगाळण्याचा काळ फुकट गेला असं म्हणता येत नाही, कारण जनुकीय तपासणीचा पाया त्याच काळात पक्का झाला. पण माद्यांना तो काळ कळत नव्हता, पिल्लं होतच होती.

कळप पकडण्यात एक खोच आहे. अर्धा कळप पिंजऱ्यात सापडला आणि अर्धा बाहेरून बघत राहिला, तर बाहेरचे शहाणे होतात. ते पिंजऱ्याजवळ फिरकत नाहीत, आणि घाबरून कळप फुटला तर एकाच्या जागी दोन ठिकाणी शोध घ्यावा लागतो. म्हणून मोठाले पिंजरे लावायचे, आमिषाची सवय होऊ द्यायची, काही माद्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून कळप कुठे आहे ते कळत ठेवायचं, असं धिम्या गतीचं काम करावं लागतं. ज्या मादीच्या गळ्यात पट्टा आहे ती मोकळी सोडावी लागते. बाहेरच्या माणसाला ते अजब वाटतं. पकडलेलं माकड सोडून देता? पण माद्या एकट्या राहत नाहीत, त्या नातलगांकडे जातात, आणि शोधणाऱ्यांना तिथवर नेतात.

पकडलेल्या माकडांची तपासणी केली गेली, आणि आजूबाजूच्या जपानी कळपांवरही लक्ष ठेवलं गेलं. माझ्या दृष्टीने संपूर्ण मोहिमेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग. ओइकेचे कळप संपवून कागद बंद केला असता तर एखादा भटका नर दूरच्या कळपात शिरून बसला असता आणि दहा वर्षांनी सगळं पुन्हा सुरू झालं असतं.

याच सुमारास देशाचा कायदाही बदलला. परक्या घुसखोर जातींविषयीचा कायदा 2004 मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. तैवानी माकड त्याच्या यादीत आलं. पण एक भोक राहिलं होतं: यादीत जात होती, संकर नव्हता. निम्मं तैवानी माकड या कायद्याच्या लेखी कोण, याचं उत्तर 2013 च्या दुरुस्तीने दिलं. तोवर वाकायामातलं पकडण्याचं काम संपलं होतं.

निष्पत्ती

2012 पर्यंत एकूण 366 माकडं काढली गेली. त्यानंतर पाच वर्षं शोध चालू ठेवला. एकही तैवानी किंवा संकरित माकड न सापडल्यावर डिसेंबर 2017 मध्ये प्रांताने उच्चाटन पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. माकडासारख्या हुशार प्राण्याचा पूर्ण बंदोबस्त झाल्याची जगात फार उदाहरणं नाहीत.

त्याच 2017 साली पूर्व जपानात, तोक्योजवळच्या चिबा प्रांतात, याच प्रश्नाचं वेगळं रूप समोर आलं. बोसो द्वीपकल्पात ऱ्हीसस माकडं रानात सुटलेली आहेत. तीही एका बंद पडलेल्या पर्यटनस्थळाची देणगी. बोसोमधले जपानी कळप बाकी जपानी माकडांपासून तुटलेले आहेत, त्यामुळे तिथे परकी जनुकं पातळ व्हायलाही वाव नाही. तिथल्या एका प्राणिसंग्रहालयाने आपल्या 164 माकडांची डीएनए तपासणी करून घेतली. ही सगळी जपानी माकडं आहेत, असाच त्यांचा समज होता. 57 माकडांत ऱ्हीससची जनुकं निघाली. ती इंजेक्शन देऊन मारण्यात आली, आणि जवळच्या बौद्ध मंदिरात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली.

वाकायामाच्या निर्णयाच्या बाजूने मी बोलू शकतो, चिबाच्या निर्णयाच्या बाजूने बोलताना अडखळतो. ही 57 माकडं कुंपणाच्या आत होती. त्यांचे नर भटकत नव्हते. प्राणिसंग्रहालयाला परवानगी घेऊन ती ठेवता येण्याची वाट कायद्यात होती. पळून जाण्याचा धोका दाखवला गेला, तो खोटा नव्हे. पण बंदिस्त माकडांची नसबंदी हे पकडण्याच्या अवघड भागाशिवायचं काम आहे. रानात जो पर्याय कुचकामी ठरतो तो पिंजऱ्यात कामाचा ठरू शकतो, एवढा फरक करायला हवा होता असं मला वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त निर्णय 1950च्या दशकात उपलब्ध होता: संग्रहालय बंद होताना माकडं मोजणं. ते हुकलं तरी त्यानंतरची काही वर्षं कळप लहान होता आणि सगळ्यांच्या शेपट्या लांब होत्या. तेव्हा ना प्रयोगशाळा लागली असती ना समिती. संशोधकांचं लक्ष जपानी माकडांच्या प्रसिद्ध कळपांवर होतं, शेतकऱ्यांच्या तक्रारी वेगळ्या खात्याकडे जात होत्या, आणि दोन्हीकडची माहिती एका टेबलावर कधी आली नाही.

दुसरी गोष्ट नजर कुठे ठेवायची याची. कळप मोजले जातात, एकटे नर मोजले जात नाहीत. ते दिसतात आणि नाहीसे होतात, त्यांच्या मागे लागणं वेळखाऊ असतं. पण संकराची पहिली खबर त्यांच्याकडूनच मिळते. सीमेवरच्या शेतकऱ्याला ‘एकटा नर दिसला तर शेपटीचा फोटो काढा’ एवढं सांगणंही दहा वर्षं आधी जाग आणू शकलं असतं.

हे वाचताना कोकणातल्या वाचकाच्या मनात काय येईल ते ओळखणं अवघड नाही. आंबा-काजूच्या बागांमधली माकडं पकडून लांबच्या जंगलात सोडा ही मागणी रत्नागिरी-सिंधुदुर्गात कायमची आहे, आणि नासधूस ज्याच्या वाट्याला येते त्याने ती करू नये असं घाटावर बसून सांगण्यात अर्थ नाही. पण ‘लाल तोंडाचं माकड’ म्हणून आपण ज्यांना एकाच नावाने हाक मारतो त्या दोन जाती आहेत. दक्षिणेतलं बॉनेट, डोक्यावर केसांचा भोवरा आणि शरीराहून लांब शेपटी; ते द्वीपकल्पी भारताबाहेर कुठेच नाही. आणि उत्तरेतलं ऱ्हीसस, भोवरा नाही, शेपटी निम्मी, ढुंगणाकडे नारिंगी झाक. दोघांची सीमा पूर्वी पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी सांगितली जायची. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऱ्हीसस गोदावरीच्या दक्षिणेला बरंच खाली सरकलेलं आणि तिथे बॉनेटची जागा घेत असलेलं आढळलं. नद्यांवरचे पूल, रस्ते, देवळांजवळचं खाणं यांचा त्यात हात आहे, आणि एका गावातून पकडून दुसरीकडे सोडलेल्या माकडांचाही.

जपानकडे समुद्र होता, म्हणून दार कुठे उघडलं ते नेमकं सांगता आलं. आपल्याकडे ट्रकमधून उतरवलेली माकडं कुठली, याची नोंदही बऱ्याचदा नसते. 366 माकडं मारण्याचा पर्याय इथे कुणी सुचवणार नाही आणि सुचवूही नये. ऱ्हीसस इथलंच आहे. करता येण्यासारखं आहे ते बरंच साधं: पकडलेला कळप कुठल्या जातीचा, किती माद्या, किती नर, कुठून उचलला, कुठे सोडला हे पकडणाऱ्याने लिहून ठेवायचं, आणि दुसऱ्या जातीच्या मुलखात सोडायचा नाही. विष्ठेच्या नमुन्यांतून डीएनए मिळतो, त्यासाठी माकड पकडावंही लागत नाही. तापी आणि गोदावरीच्या पट्ट्यातले असे नमुने दर काही वर्षांनी घेतले तर भोवऱ्याची आणि बिनभोवऱ्याची माकडं कुठे आणि किती मिसळत आहेत हे डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर दिसेल.